पोर्टल बसलं की शिव्या प्रोग्रॅमरला, पण 'चालू करा' कोण म्हणालं होतं?

७ जून २०२१ ला इन्कम टॅक्सचं नवीन ई-फायलिंग पोर्टल सुरू झालं आणि पुढचे काही महिने सीए लोकांचे आणि स्वतःचं रिटर्न स्वतः भरणाऱ्यांचे जे हाल झाले ते अनेकांना अजून आठवत असतील. लॉगिन होत नाही, ओटीपी येत नाही, भरलेलं सेव्ह होत नाही. ऑगस्टमध्ये तर पोर्टल बंदच पडलं, २३ तारखेला अर्थमंत्र्यांनी पोर्टल बनवणाऱ्या इन्फोसिसच्या सीईओंना बोलावून जाब विचारला, कोविडमुळे आधीच ३१ जुलैवरून ३० सप्टेंबरवर नेलेली रिटर्नची मुदत पुन्हा ३१ डिसेंबरवर गेली. तेव्हा प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, एवढी मोठी कंपनी आणि एक पोर्टल नीट बनवता येत नाही?

हा प्रश्न नेहमीचाच झालाय. रेशन दुकानात सर्व्हर डाऊन, सातबारा उघडत नाही, बँकेने सिस्टिम बदलली आणि पासबुकच्या एंट्र्या गायब, आणि दर वेळी आपल्या डोळ्यासमोर एकच माणूस येतो, कॉम्प्युटरसमोर बसून कोड लिहिणारा प्रोग्रॅमर. मी बिझनेस अॅनालिस्ट आहे, म्हणजे काय ते पुढे सांगतेच, पण माझं मत आधीच मांडते. मोठी सिस्टिम कोसळते तेव्हा कोडमधली चूक बहुतेक वेळा साखळीतली शेवटची कडी असते. त्याच्या कितीतरी आधी एखाद्या माणसाला बैठकीला बोलावलेलंच नसतं, किंवा बोलावलेलं असतं पण "थांबा" म्हणायचा अधिकार त्याला दिलेला नसतो.

आधी हे बघू, बिझनेस सिस्टिम म्हणजे काय

मोबाईलवरचा गेम हे सॉफ्टवेअर आहे. साखर कारखान्याची ऊसबिलाची सिस्टिम हे पण सॉफ्टवेअरच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ऊसबिल कसं निघतं बघा. शेतकऱ्याने उसाची नोंद केलेली असते, त्याच्या लागणीच्या तारखेवरून तोडीचा नंबर येतो, टोळी ऊस तोडते, गाडी काट्यावर येते, भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, स्लिप निघते, आणि मग एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर लावून त्यातून तोडणी-वाहतूक वजा, सोसायटीचं कर्ज असेल तर त्याची कपात, उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात, आणि कायद्याने हे सगळं ऊस कारखान्यात आल्यापासून १४ दिवसांत. आता यात सॉफ्टवेअर कुठे आहे? आहे, पण त्याच्याभोवती स्लिपबॉय आहे, काट्यावरचा माणूस आहे, शेतकी ऑफिस आहे, हिशोब विभागातला वीस वर्षं तेच काम करणारा क्लार्क आहे. सामाईक गटात भावाभावांची वाटणी कशी करायची, मयत सभासदाच्या नावावरचा ऊस आला तर बिल कोणाच्या नावाने काढायचं, जळालेल्या उसाचं काय, हे नियम अर्धे कागदावर असतात आणि अर्धे त्या क्लार्कच्या डोक्यात.

हे सगळं मिळून सिस्टिम. माणसं, नियम, कागद आणि सॉफ्टवेअर. यातलं फक्त सॉफ्टवेअर बदललं आणि बाकीच्यांकडे बघितलंच नाही तर काय होतं त्यावरच हा लेख आहे.

मग यात कोण कोण असतं

पुण्या-मुंबईत सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे पटकन कळेल. तिथे मॅनेजिंग कमिटी असते, ती सभासदांच्या वतीने ठरवते आणि सह्या करते. सिस्टिमच्या कामात या जागेवर स्पॉन्सर असतो, म्हणजे ज्याला ती सिस्टिम हवीय आणि जो तिचे पैसे मंजूर करतो, कधी कंपनीचा मालक, कधी खात्याचा सचिव. सोसायटी पीएमसी नेमते, म्हणजे बिल्डरवर लक्ष ठेवणारा सल्लागार, आपल्याकडे वेळापत्रक आणि खर्च सांभाळायला प्रोजेक्ट मॅनेजर असतो. आर्किटेक्ट तिकडेही असतो आणि इकडेही, काम तेच, एकूण रचना ठरवायची. प्रत्यक्ष बांधणारे गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन म्हणजे आपले डेव्हलपर, कोड लिहिणारे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सभासद, जे त्या घरात राहणार आहेत. सिस्टिमच्या भाषेत युजर.

माझं काम या युजरचं म्हणणं समजून घेऊन डेव्हलपरला कळेल अशा रीतीने लिहून देणं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर आहेत, लिफ्टचा दरवाजा रुंद हवा, ही गोष्ट गवंड्याला कशी कळणार? कोणीतरी आजींना जाऊन विचारायला हवं. ते विचारणारा माणूस म्हणजे बिझनेस अॅनालिस्ट. ऊसबिलाच्या क्लार्कशेजारी चार दिवस बसून "हे असं का करता" "आणि असं झालं तर" असं विचारत राहणं, हेच आमचं मुख्य काम, बाकी फ्लोचार्ट वगैरे नंतर.

मग टेस्टर. हा माणूस सिस्टिम मोडायचा प्रयत्न करतो, उणे वजन टाकून बघतो, एकच स्लिप दोनदा चढवून बघतो. टेस्टरचं झालं की युजर स्वतः वापरून बघतात आणि "हो, यात आमचं काम होतं" अशी सही देतात, याला यूएटी म्हणतात. मगच गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टिम खऱ्या कामाला लावणं. रिडेव्हलपमेंटमध्ये याच्या जागी ओसी असते, भोगवटा प्रमाणपत्र, आणि तिथे एक फार मोलाची गोष्ट आहे जी सिस्टिमच्या दुनियेत बरेचदा नसते. ओसी बिल्डर देत नाही, कमिटीही देत नाही, महापालिका देते. म्हणजे बांधणारा वेगळा, बांधून घेणारा वेगळा आणि "राहायला योग्य आहे" म्हणणारा तिसराच.

गो-लाइव्हनंतर येतात सपोर्टवाले, ज्यांना आपण फोन लावतो. त्यांच्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिलंय कारण त्यांना सगळे विसरतात.

कॅनडात पगाराची सिस्टिम कोसळली त्याची गोष्ट

आपल्याकडे अशा प्रकल्पांची आतली कागदपत्रं सहसा बाहेर येत नाहीत. कॅनडात आली, तिथल्या महालेखापरीक्षकांनी म्हणजे त्यांच्याकडच्या कॅगने तपासून २०१७ आणि २०१८ ला अहवाल दिले, म्हणून हे उदाहरण घेतेय.

कॅनडाच्या केंद्र सरकारचे सुमारे २,९०,०००  कर्मचारी, १०१ खाती. पगाराची जुनी सिस्टिम चाळीस वर्षांची. २००९ मध्ये ठरलं की नवीन आणायची, नाव ठेवलं फिनिक्स, २०११ मध्ये काम आयबीएमला दिलं. त्याबरोबरच दुसरा निर्णय झाला, पगाराचं काम पाहणारे लोक प्रत्येक खात्यात विखुरलेले आहेत ते कमी करून ४६ खात्यांचं काम मिरामिची नावाच्या एका लहान शहरातल्या केंद्रात हलवायचं. दोन्ही मिळून वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता.

आता पुढे काय झालं बघा. २०१२ मध्ये आयबीएमने सांगितलं की तुम्हाला जे हवंय ते बांधायला २७.४ कोटी डॉलर लागतील. मंजूर होते १५.५ कोटी. इथे प्रकल्प चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे सरळ मार्ग होता, वर जायचं आणि सांगायचं की पैसे पुरत नाहीत, एक तर वाढवून द्या नाहीतर योजना बदला. ते केलं नाही. त्यांनी काम छाटलं. पगाराच्या हिशोबाची ९८४ फंक्शन्स होती त्यातली शंभराहून जास्त काढून टाकली किंवा पुढे ढकलली, माणसं कमी केली, वेळ कमी केला. मागच्या तारखेपासूनचा फरक, म्हणजे आपण ज्याला एरियर्स म्हणतो, तो काढायची सोयसुद्धा यात गेली. सरकारी नोकरीत एरियर्स नाहीत असा पगार कसा असेल, हे कुठल्याही आस्थापना क्लार्कने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

पण तो क्लार्क होता कुठे? ४६ खात्यांतल्या १,२०० पे-अॅडव्हायझरांच्या जागा काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी मिरामिचीला ४६० अॅडव्हायझर, त्यातले बरेच नवखे. पगाराचे नियम ८०,००० च्या वर. त्यातले कित्येक नियम ज्यांच्या डोक्यात होते तीच माणसं सिस्टिम यायच्या आधी घरी गेली, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त वाईट याचं वाटतं, कारण पैसा पुन्हा उभा करता येतो पण पंचवीस वर्षांत साठलेलं कामाचं ज्ञान एकदा ऑफिसच्या दारातून बाहेर गेलं की परत आणता येत नाही.

आधी एका खात्यात चालवून बघायचा पायलट ठरला होता, तो जून २०१५ मध्ये रद्द केला. पूर्ण सिस्टिम एकत्र चालवून टेस्टिंग झालंच नाही. काही खात्यांनी काळजी व्यक्त केली होती, पण वरच्या सचिवांना ब्रीफिंग दिलं त्यात गंभीर अडचणींचा उल्लेख नव्हता. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिला टप्पा, एप्रिलमध्ये दुसरा, असं सगळं चालू करून टाकलं.

जून २०१७ पर्यंत दीड लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांच्या पगारात काहीतरी घोळ होता, कोणाला कमी, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. न मिटलेल्या चुकांची रक्कम ५२ कोटी डॉलरच्या पुढे. महालेखापरीक्षकांनी याला समजण्यापलीकडचं अपयश म्हटलं.

मघाच्या ओसीची आठवण ठेवा. फिनिक्समध्ये बांधकामावर देखरेख करणारे आणि "राहायला योग्य" म्हणून सही करणारे तेच होते. प्रकल्पाचे मोजके अधिकारी सगळं ठरवत होते आणि ते बरोबर चाललेत का हे बघणारा, त्यांच्या हाताखाली नसलेला असा एकही माणूस रचनेत नव्हता.

पण कंपनीची काहीच चूक नाही असं म्हणायचंय का?

नाही, तसं नाही. डेव्हलपर चुका करतात, कंपन्या कमी अनुभवाची पोरं लावून पूर्ण रेटने बिल लावतात, हे आयटीतला प्रत्येक जण जाणतो. पण इथे नीट बघा, आयबीएमने किंमत सांगितली होती आणि ग्राहकानेच कमी पैशात काम मागितलं. बांधणाऱ्याची जबाबदारी असतेच, पण काय बांधायचं आणि कधी राहायला जायचं हे बांधून घेणाऱ्याने ठरवायचं असतं. ही जबाबदारी टेंडर काढून दुसऱ्याला देता येत नाही. स्पॉन्सर फक्त उद्घाटनाला येतो आणि मधल्या काळात त्याच्यापर्यंत हिरव्या रंगाचे, म्हणजे 'सगळं ठीक' सांगणारे रिपोर्ट जात राहतात अशी परिस्थिती असेल तर कितीही चांगली कंपनी आणा.

युजरला काय विचारायचं, त्याला कॉम्प्युटर कुठे कळतो?

हे मी खूप ऐकलंय, आणि दर वेळी राग येतो. युजरला कॉम्प्युटर कळावा अशी अपेक्षाच नाही, त्याला त्याचं काम कळतं आणि तेच हवंय. काट्यावरच्या माणसाला डेटाबेस माहीत नसेल पण रात्री दोन वाजता लाइट गेल्यावर गाड्यांची रांग लागते तेव्हा तो वहीत वजनं लिहून ठेवतो हे त्याला माहीत असतं, आणि ती वजनं नंतर चढवायची सोय सिस्टिममध्ये नसेल तर पहिल्याच गाळपात सिस्टिम बाजूला पडणार आणि वही चालू राहणार.

एक खरी अडचण मात्र आहे. युजर आज जसं करतो तसंच्या तसं मागतो, जुन्या रजिस्टरचे सतरा रकाने आहेत म्हणून स्क्रीनवरही सतरा हवेत. तिथे अॅनालिस्टने विचारायला हवं की यातले कोणते कोण वाचतं. म्हणजे युजर म्हणेल ते सगळं मान्य असं नाही, पण त्याच्याशिवाय ठरवणं हे तर अजिबातच नाही. आणि बैठकीला साहेबांनी पाठवलेला "प्रतिनिधी" चालत नाही, ज्याने ते काम पाच वर्षांपूर्वी सोडलंय. ज्याचे हात त्या कामात आज आहेत तोच माणूस हवा, आणि तो बैठकीत असताना त्याचं रोजचं काम दुसऱ्या कोणाला तरी दिलेलं हवं, नाहीतर तो बिचारा घड्याळाकडे बघत "हो, हो, बरोबर आहे" म्हणून उठतो.

सपोर्टवाला, ज्याला खरं सगळं दिसत असतं

आता ब्रिटनचं प्रकरण. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची हिशोबाची सिस्टिम सगळ्या शाखांत बसवली, फुजित्सूच्या मालकीच्या आयसीएल कंपनीने बनवलेली. तिथे बऱ्याच शाखा खासगी लोक चालवतात, त्यांना सबपोस्टमास्टर म्हणतात, आणि हिशोबात तूट आली तर ती त्यांनी खिशातून भरायची असा पोस्ट ऑफिसचा पवित्रा होता. सिस्टिममध्ये चुका होत्या, न झालेली तूट दिसायची. लोक हेल्पलाइनला फोन करायचे आणि कित्येकांना उत्तर मिळायचं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. त्यात सीमा मिश्रा होत्या, सरे परगण्यात वेस्ट बायफ्लीटला शाखा चालवायच्या, २०१० मध्ये गरोदर असताना त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. लोकांची घरं गेली, दिवाळं निघालं, आणि निदान १३ जणांच्या आत्महत्येचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो असं चौकशी आयोगाने जुलै २०२५ च्या अहवालात नोंदवलं.

यातली भूमिकांची बाजू बघा. ब्रॅकनेलला फुजित्सूची सपोर्ट टीम होती. तिथल्या इंजिनिअरांना चुका दिसत होत्या, ते दुरुस्त्याही करत होते, आणि शाखेच्या हिशोबात दुरून शिरून बदल करता येतो हेही त्यांना माहीत होतं. पोस्ट ऑफिस मात्र वर्षानुवर्षं सांगत राहिलं की असं दुरून कोणालाच करता येत नाही. म्हणजे ज्याला माहीत आहे तो एका इमारतीत आणि जो कोर्टात खटले भरतोय तो दुसऱ्या इमारतीत, आणि पहिल्याला माहीत असलेलं कोर्टापर्यंत पोहोचतच नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने ५५५ सबपोस्टमास्टरांच्या दाव्यात सिस्टिममधले दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो जणांना दोषमुक्त केलं.

म्हणून मला वाटतं की सपोर्टकडे आलेल्या तक्रारींची यादी दर महिन्याला स्पॉन्सरसमोर गेली पाहिजे, गाळून, गोड करून नाही तर जशीच्या तशी. एकच तक्रार दहा शाखांतून आलीय हे फक्त तिथेच दिसतं.

आता एआय कोड लिहितं, मग ही सगळी माणसं कशाला?

कोड लिहायला आता खरंच कमी वेळ लागतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वरच्या दोन्ही प्रकरणांत बघा, कोड हळू लिहिला म्हणून काय बिघडलं? एरियर्स वगळायचे हे माणसांनी ठरवलं. पायलट रद्द माणसांनी केला. तक्रार दाबली माणसांनी. उलट कोड झटपट तयार व्हायला लागला तर काय बांधायचं हे ठरवणाऱ्यावर आणि तपासणाऱ्यावर जास्त भार येणार, कारण चुकीची गोष्टही आता झटपट बांधून होणार.

आमचा लहान धंदा आहे, आम्हाला याचा काय उपयोग?

पतसंस्था, हॉस्पिटल, शाळा, चार गोडाऊनचा डिस्ट्रिब्युटर, सगळ्यांकडे आज ना उद्या सॉफ्टवेअर बदलायची वेळ येते. तुमच्याकडे दहा वेगळी माणसं नसतील, एकाच माणसाकडे तीन-तीन भूमिका असतील, काही हरकत नाही. फक्त विकणारा माणूस आणि "चालू करा" म्हणणारा माणूस एक नको. व्हेंडरचा पोरगा डेमो दाखवून "सर, उद्यापासून सुरू करू" म्हणतो तेव्हा निर्णय त्याचा नाही, तुमच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईचा असू द्या. तिने आठवडाभर खऱ्या पावत्या टाकून बघाव्या, उलटी पावती, अर्धं पेमेंट, चेक परत आला, सगळं.

आणि पहिला एक महिना तरी जुनं आणि नवं दोन्ही शेजारी शेजारी चालवा, याला पॅरलल रन म्हणतात. दुप्पट काम होतं, लोक कुरकुरतात, म्हणून सगळ्यात आधी याच गोष्टीला कात्री लागते. तरी करा. पगार असेल तर एक पूर्ण पगारपत्रक, पतसंस्था असेल तर एक महिनाअखेर आणि जमलं तर व्याज आकारणीचा एक दिवस. दोन्हीकडचे आकडे पैशापर्यंत जुळले की हिशोब सांभाळणाऱ्याने कागदावर सही करायची, जुळले नाहीत तर फरक का आला ते व्हेंडरने लिहून द्यायचं, आणि तोवर जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स रिन्यू करून ठेवायचं.